पेढीचे नाव पेढीच्याच नावावर

रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ मध्ये देशातील बँकांना एक निर्देश दिला. ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत प्रत्येक बँकेने आपले संकेतस्थळ ‘डॉट बँक डॉट इन’ या अखेरीच्या पत्त्यावर न्यावे, असा तो निर्देश होता. हे पत्ते फक्त बँकांनाच मिळावेत, म्हणून नोंदणीचा अधिकार हैदराबादच्या आयडीआरबीटी या एकाच संस्थेकडे ठेवला गेला. बँकेच्या नावात एखादे अक्षर इकडचे तिकडे करून बनावट संकेतस्थळ उभारायचे आणि भोळ्या खातेदाराकडून पासवर्ड काढून घ्यायचा, हा उद्योग फार बोकाळला होता. ज्यांच्यापाशी तिजोऱ्या आहेत, पहारेकरी आहेत, स्वतंत्र संगणक विभाग आहेत, त्यांनाही पत्त्याची एवढी काळजी करावी लागली. मग ज्याची सारी पत त्याच्या नावातच साठलेली असते, त्या व्यापाऱ्याने ती किती करावी?

निवृत्तीनंतर परिचित मंडळी निरनिराळे कागद घेऊन माझ्याकडे येतात. अलीकडे त्यांत कर्जाच्या कागदांबरोबर वेबसाइटचे कोटेशनही असते. ‘साहेब, रक्कम वाजवी आहे का, तेवढे पाहून सांगा,’ असा त्यांचा आग्रह असतो. रकमेकडे मी सर्वांत शेवटी वळतो. बँकेत तारण म्हणून जागा आली की आम्ही तिची रंगरंगोटी पाहत नसू. आधी उतारा पाहत असू, मग त्या जागेतून उत्पन्न कसे निघणार हे विचारत असू. संकेतस्थळालाही हाच क्रम लावावा, असे माझे मत आहे. ते कोणाच्या नावावर आहे, कोणासाठी आहे, आणि त्यावर आलेल्या माणसाला उत्तर कोण देणार, हे ठरले की बाकीचे काम कारागिराचे. आपल्याकडे मात्र चर्चेचा आरंभ रंगापासून आणि हलत्या चित्रांपासून होतो.

मालकीचा विषय थोडा विस्ताराने घेतो, कारण घराघरांतले खरे दुखणे तेथे आहे.

संकेतस्थळाचे तीन भाग असतात. पहिला भाग पत्ता, म्हणजे डोमेन नाव. दुसरा होस्टिंग, म्हणजे मजकूर आणि छायाचित्रे ज्या संगणकावर ठेवली जातात ती भाड्याची जागा. तिसरा भाग म्हणजे तो मजकूर आणि त्याची मांडणी. भाड्याची जागा बदलता येते, मांडणी नव्याने करता येते. पत्ता गेला तर मात्र ग्राहक दारापर्यंत येऊन दुसऱ्याच घरात शिरतो. आपण ‘डोमेन विकत घेतले’ असे म्हणतो, पण वस्तुतः तो भाडेपट्टा असतो. एका वेळी जास्तीत जास्त दहा वर्षांसाठी नाव राखता येते आणि मुदत संपण्यापूर्वी नूतनीकरण करावे लागते. ‘डॉट कॉम’ नावाची मुदत टळली आणि नोंदणी रद्द झाली, तर पुढचे तीस दिवस जादा आकार भरून ते सोडवून घेता येते. नंतर थोड्याच दिवसांत ते मोकळे होते आणि मग जो आधी मागेल त्याचे. वर्षाकाठी हजार-दीड हजार रुपयांच्या या खर्चापायी तीन पिढ्यांचे नाव परक्याच्या हाती जाऊ शकते.

नोंदणी करताना नाव, ई-मेल आणि मोबाइल क्रमांक द्यावा लागतो. काम करून देणारा तरुण बहुधा स्वतःचाच ई-मेल घालतो. त्यात त्याची सोय असते, लबाडी असतेच असे नाही. तो पुढे परदेशी जातो, व्यवसाय बदलतो, किंवा बिलावरून वाद होतो. मग कळते की कुलूप आपल्या दुकानाला असले तरी किल्ली त्याच्या खिशात आहे.

याहून अवघड प्रसंग घरातच उभा राहतो. माझ्या माहितीतील भांड्यांच्या एका घाऊक पेढीत दोन भावांची वाटणी झाली. ती समजुतीने झाली, वडीलधाऱ्यांच्या साक्षीने झाली. लेखात गोदाम होते, टेम्पो होता, दूरध्वनीचे क्रमांक होते, जुना पितळी काटा कोणाकडे राहील याचाही उल्लेख होता. संकेतस्थळाचा मात्र कोठेच नव्हता. ते धाकट्या भावाच्या मुलाने कॉलेजात असताना हौसेने केलेले आणि त्याच्याच खासगी जीमेलवर नोंदवलेले. वाटणीनंतर तो वडिलांबरोबर दुसऱ्या गावी गेला, आणि जुन्या गिऱ्हाइकांच्या चौकशा त्याच्याकडे जाऊ लागल्या. थोरल्याला वाटले, पुतण्या गिऱ्हाईक पळवतो आहे. पुतण्याला वाटले, मी उभे केलेले माझेच आहे. दोघांचेही म्हणणे अगदीच निराधार नव्हते, म्हणूनच ते चिघळले. आठ महिने दोन्ही घरांत येणेजाणे बंद होते. शेवटी पुरवणी लेख झाला, पत्ता मूळ पेढीकडे आला आणि काही काळ तेथे दोन्ही दुकानांचे फोन क्रमांक लावण्याचे ठरले.

भागीदारी कायदा १९३२ चा. त्याच्या चौदाव्या कलमानुसार पेढीच्या पैशातून घेतलेली मालमत्ता, विरुद्ध हेतू दिसून येत नसेल तर, पेढीची मानली जाते. व्यवसायाचा लौकिक म्हणजे गुडविलही पेढीच्या मालमत्तेत मोडते. म्हणून माझा सल्ला असा की डोमेनचे पैसे चुलत्याच्या क्रेडिट कार्डावरून किंवा मुलाच्या यूपीआयवरून भरू नयेत. ते पेढीच्या चालू खात्यातून जावेत आणि बिल पेढीच्या नावे, पेढीचा जीएसटी क्रमांक घालून घ्यावे. नियमित करदात्याला त्या कराची वजावटही मिळू शकते. पण त्या वजावटीपेक्षा तो पुरावा अधिक मोलाचा. भागीदारीचा नवा लेख करताना मालमत्तेच्या यादीत डोमेनची एक ओळ आवर्जून घालण्यास वकिलांना सांगावे. त्यांच्याकडील जुन्या नमुन्यात ती बहुधा नसते.

पत्त्याला कायद्याच्या दृष्टीने किंमत आहे का, अशी शंका येऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्येच तिचे उत्तर दिले आहे. सत्यम इन्फोवे या कंपनीने आपल्या नावातील अक्षरे जोडून ‘सिफी’ हा शब्द घडवला होता आणि त्यावरून डोमेन घेतले होते. दुसऱ्या एका कंपनीने इंग्रजी ‘एफ’ दुप्पट करून जवळपास तसाच पत्ता घेतला. न्यायालयाने निकाल सत्यमच्या बाजूने दिला. डोमेन हा नुसता पत्ता नसून तो व्यापारचिन्हासारखी ओळख पटवतो, आणि दुसऱ्याच्या लौकिकावर आपला माल खपवण्यास जो प्रतिबंध आहे तो येथेही लागू होतो, असे त्यातून प्रस्थापित झाले. न्यायालयाची पायरी चढण्यापेक्षा आपल्या नावाचे ‘डॉट कॉम’ आणि ‘डॉट इन’ असे दोन्ही पत्ते आधीच घेऊन ठेवणे स्वस्त. देवनागरीत लिहिलेला ‘डॉट भारत’ पत्ताही २०१४ पासून मिळतो. छापील पिशवीवर तो शोभतो खरा. पण बाहेरच्या प्रांतातील ग्राहकाला तो टंकणे जड जाते, म्हणून तो एकटाच असू नये.

आता संकेतस्थळ कोणासाठी, हा प्रश्न. हवेत बोलण्यापेक्षा सांगलीची हळद घेऊ. समजा, एखादी जुनी पेढी हळद बाजारात अडतीचे आणि घाऊक विक्रीचे काम करते आणि आता नव्या पिढीला पाकिटबंद पावडर थेट घरगुती ग्राहकाला विकायची आहे. ‘एक छान साइट करून द्या’ एवढे सांगितले, तर कारागीर दोन्ही धंदे एका पानावर कालवतो आणि दोन्हीकडचे गिऱ्हाईक गोंधळते.

गुजरातेतील मसाला कारखानदार जेव्हा चौकशी करतो, तेव्हा त्याला आपल्या आजोबांचे चरित्र नको असते. हळकुंड, गड्डा, कणी यांपैकी काय मिळेल, पॉलिश केलेले की बिनपॉलिश, कमीत कमी किती पोती, ओलावा किती, प्रयोगशाळेचा अहवाल मिळेल का, ट्रान्सपोर्ट कोणाकडे, हे त्याचे प्रश्न असतात. भाव रोज सौद्यात ठरतो, म्हणून घाऊक भाव पानावर छापूच नये. शिळा भाव दिसला की त्याचा आपल्यावरचा विश्वास तेथेच उडतो. त्याऐवजी भावासाठी कोणाला आणि कोणत्या वेळात फोन करावा, हे ठळक लिहावे. पुण्याची गृहिणी अर्धा किलो हळद घेताना वेगळेच विचारते. भेसळ नाही ना, कधी दळली, किती दिवसांत पोचेल, पाकीट फुटून आले तर काय? हिला प्रत्येक वजनाची किंमत, पाठवणावळ धरून, पहिल्याच पानावर दिसली पाहिजे. शेवटच्या पायरीवर अचानक साठ रुपये वाढलेले दिसले की ती निमूटपणे निघून जाते, भांडतसुद्धा नाही. दुकानात गिऱ्हाईक पाठ फिरवून जाताना दिसते तरी. येथे तेही दिसत नाही.

हे प्रश्न शोधण्यासाठी कोणा सल्लागाराची गरज नाही. गादीवर येणारे फोन महिनाभर एका वहीत टिपावेत. ज्या प्रश्नाचे उत्तर दिवसातून दहा वेळा द्यावे लागते, तेच संकेतस्थळाचे पहिले पान. मुनीमजींकडून ही यादी चांगली मिळते. नातवाकडून मिळत नाही, कारण तो फोन उचलत नाही.

आजोबांचे चरित्र अगदीच टाकाऊ आहे, असे मात्र नाही. सांगलीजवळ हरिपूरला जमिनीत खोल पेवे खणून हळद साठवण्याची रीत होती. २००५ च्या महापुरात त्यांतील कित्येक पेवे निकामी झाली. एखाद्या घराकडे अशा पेवाचे जुने छायाचित्र असेल, त्या काळची वही असेल, तर ती जरूर दाखवावी. इंटरनेटवरून उचललेली हसऱ्या परदेशी कुटुंबाची चित्रे लावून सांगलीचा माल विकण्यात काय हशील? ‘सांगली हळद’ला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. परंतु ते नाव मानांकन म्हणून मिरवण्यासाठी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी असावी लागते, हे ध्यानात ठेवून मजकूर लिहावा.

येथे व्यापाऱ्यांकडून सहज नजरेआड होणारी करविषयक बाब सांगतो. जीएसटीच्या कंपोझिशन योजनेत असलेल्या व्यापाऱ्याला राज्याबाहेर माल विकता येत नाही. गल्लीतल्या दुकानाला ही अट कधी जाणवत नाही. संकेतस्थळाला मात्र सीमा ठाऊक नसते. बंगळुरूहून पहिली मागणी आली, आपण आनंदाने पार्सल रवाना केले, की योजनेची अट मोडली. नोंदणीच न केलेल्या छोट्या विक्रेत्यालाही राज्याबाहेर करपात्र माल पाठवायचा असेल, तर उलाढाल कमी असली तरी सर्वसाधारणपणे आधी नोंदणी करावी लागते. तेव्हा राज्याबाहेर विकायचे की नाही हा निर्णय चार्टर्ड अकाउंटंटसमोर बसून आधी घ्यावा, आणि विकायचे नसेल तर बाहेरचा पिनकोड घेऊच नये, अशी सोय कारागिराकडून करवून घ्यावी.

थेट विक्री करणाऱ्या संकेतस्थळाला २०२० चे ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमही लागू होतात. पेढीचे कायदेशीर नाव, मुख्य कार्यालयाचा पत्ता, संपर्क क्रमांक आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचे नाव दाखवावे लागते. तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि निवारण महिन्याभरात करायचे. छोट्या पेढीत हा अधिकारी म्हणजे घरातीलच कोणी असणार. हरकत नाही, पण त्याला आपण अधिकारी आहोत हे ठाऊक असावे! माल परत घेण्याचे आणि पैसे परत करण्याचे नियम स्पष्ट लिहावे लागतात. पाकिटबंद मालाचे निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, उत्पादकाचा अथवा पॅकिंग करणाऱ्याचा पत्ता हे तपशील पाकिटाप्रमाणेच पडद्यावरही हवेत. खाद्यपदार्थ असल्याने एफएसएसएआयचा चौदा अंकी क्रमांकही जवळच द्यावा. ‘फक्त दोनच पाकिटे शिल्लक’ अशी खोटी घाई लावण्याला २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी मनाई केली आहे. ती नसती तरी आपल्या वडिलांनी गादीवर असे कधी सांगितले नसते.

पैसे स्वीकारण्यासाठी मान्यताप्राप्त पेमेंट गेटवे घ्यावा. ग्राहकाच्या कार्डाचा तपशील आपल्याकडे साठवण्यास १ ऑक्टोबर २०२२ पासून रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. ‘सोयीसाठी साठवून ठेवू’ असे कोणी सुचवले तर ते तिथेच थांबवावे. गेटवेचा आकार, पाठवणावळ आणि परत आलेल्या पार्सलांचे नुकसान या तिन्ही रकमा धरून पाकिटामागे काय उरते, याचा हिशेब कागदावर मांडावा. अर्धा किलोच्या पाकिटावर तो पुष्कळदा तोट्यात निघतो. तसे असेल तर दोन किलोंचा संच विकावा, किंवा संकेतस्थळाने फक्त घाऊक चौकशी आणावी. विक्री न करणारे संकेतस्थळ कमी प्रतीचे असते, अशी एक समजूत रूढ झाली आहे. घाऊक व्यापाऱ्याने ती मनावर घेऊ नये. अशा पानावरून वर्षात दोन पक्की गिऱ्हाइके मिळाली तरी त्याचा खर्च निघू शकतो.

बँकेतल्या अनुभवाने एक गोष्ट मनात घर करून बसली आहे, ती येथे सांगतो. घाऊक व्यापारात फसवणुकीचा एक ठरीव प्रकार आहे. गिऱ्हाइकाला आपल्या नावाने ई-मेल जातो, ‘आमचे बँक खाते बदलले आहे, या वेळचे पेमेंट पुढील खात्यावर करावे.’ खाली आपलेच बोधचिन्ह असते. पैसे जातात, आणि दोन प्रामाणिक माणसे एकमेकांवर संशय घेऊ लागतात. म्हणून पेढीचा ई-मेल पेढीच्या डोमेनवरचा असावा, आणि संपर्काच्या पानावर कायम एक ओळ असावी: ‘आमचा खाते क्रमांक ई-मेलद्वारे बदलला जात नाही, असा निरोप आल्यास येथील दूरध्वनीवर खात्री केल्याशिवाय रक्कम पाठवू नये.’ तरीही फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे. पहिल्या काही तासांत कळवले तर रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता अधिक असते. पत्त्याशेजारी दिसणाऱ्या कुलपाच्या चिन्हावरही सर्वस्वी विसंबू नये. माहिती वाटेत कोणी वाचत नाही, एवढेच ते सांगते. पलीकडचा माणूस सचोटीचा आहे, हे ते सांगत नाही.

मांडणीविषयी थोडक्यात. बहुतेक ग्राहक मोबाइलवर पाहणार, तेव्हा नमुना मंजूर करताना तो संगणकाच्या मोठ्या पडद्यावर पाहू नये. घरातील सर्वांत जुन्या मोबाइलवर, दुकानाच्या मागच्या खोलीत, जेथे रेंज कमी असते तेथे उघडून पाहावा. मराठी मजकूर युनिकोडमध्येच असावा. डीटीपीच्या जुन्या टंकांतला मजकूर, किंवा माहितीपत्रकाचे नुसते छायाचित्र, शोधयंत्राला नीट वाचता येत नाही. मग आपले नाव शोधणाऱ्याला आपण सापडत नाही. इंग्रजी आणि हिंदी आवृत्ती हवी असेल, तर ती माणसाकडून तपासून घ्यावी. यंत्राने केलेल्या भाषांतरात ‘कणी’चे काय होईल ते सांगता येत नाही.

आता उत्तर देणारा माणूस. पुष्कळ संकेतस्थळांवर चौकशीचा तक्ता असतो आणि तो भरून पाठवला की निरोप कोणत्या ई-मेलवर जातो, हे घरात कोणालाच माहीत नसते. हे पाहायला सोपे आहे. आज रात्री परक्या नावाने आपणच एक चौकशी पाठवावी आणि उद्या दुकानात कोणाला ती दिसते का, ते पाहावे. ज्याच्यावर हे काम सोपवायचे त्याला दिवसातील ठरावीक अर्धा तास मोकळा द्यावा. गल्ल्यावर बसून, पावत्या फाडता फाडता हे होत नाही. येणाऱ्या प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ‘आमच्याविषयी कोठून कळले?’ असे विचारून ते वहीत टिपले, तर वर्षअखेरीस संकेतस्थळाच्या खर्चाचा ताळेबंद आपोआप तयार होतो. कोटेशनमध्ये पहिल्या वर्षाच्या रकमेबरोबर दुसऱ्या वर्षीच्या नूतनीकरणाची रक्कमही लिहून घ्यावी. पहिली पुष्कळदा आमिषापुरतीच कमी असते.

राहता राहिला एक कागद. पत्ता कोणत्या कंपनीकडे नोंदवला, कोणत्या ई-मेलवर आणि कोणत्या मोबाइलवर, मुदत केव्हा संपते, होस्टिंग कोठे आहे, गेटवेचा करार कोणाच्या सहीचा आहे, हे एका पानावर लिहून मुदत ठेवींच्या पावत्या आणि नामनिर्देशनाच्या कागदांबरोबर ठेवावे. पासवर्ड त्यावर लिहू नयेत. ते निदान दोन भागीदारांना ठाऊक असावेत. मोबाइलच्या रकान्याकडे विशेष लक्ष द्यावे. कित्येक पेढ्यांत तेथे वडिलांचा क्रमांक असतो. वडील गेल्यावर काही महिन्यांनी घरचे ते सिम बंद करतात आणि त्यानंतर नूतनीकरणासाठी येणारा ओटीपी कोणाच्याच हाती पडत नाही. तो क्रमांक बदलून पेढीच्या नावावरील क्रमांक लावून घेणे वडील हयात असताना पाच मिनिटांचे काम असते. त्यांच्या पश्चात मृत्यूचा दाखला, भागीदारी लेख आणि पॅन जोडून कंपनीशी पत्रव्यवहार करावा लागतो, आणि मुदतीची तारीख काही त्यासाठी थांबत नाही.